लोखंडी दुवा

दिवाळीच्या सुमारास सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू पाटील अशा सहकारी कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाची वाहतूक सुरू होते. या काळाला 'गळीत हंगाम' म्हणतात. गळीत म्हणजे ऊस गाळणे, त्याचा रस काढणे. हंगाम हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला.

तोडलेला ऊस गाळायला जितका उशीर होईल, तितकी त्यातील साखर घटते. म्हणून ऊस लवकरात लवकर कारखान्यात पोहोचवावा लागतो. पूर्वी हे काम बैलगाड्या करत. त्या आजही दिसतात, पण आता बराचसा ऊस ट्रॅक्टरने येतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. दोन्ही मिळून 15 ते 20 टन ऊस भरलेला असतो. ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मात्र अवघे दोन टनांच्या आसपास असते. म्हणजे जो ओढतो तो हलका आणि ज्याला ओढायचे ते त्याच्या आठदहापट जड! या दोघांना जोडतो तो ट्रॅक्टरच्या मागचा हूक आणि त्यातली अंगठ्यापेक्षा थोडी जाड अशी एक पिन. साखळीच्या कडीला किंवा दोन वस्तू जोडणाऱ्या भागाला मराठीत 'दुवा' म्हणतात. (भल्यासाठी केलेली प्रार्थना, म्हणजे तुमची दुआ, तिलाही मराठीत दुवाच म्हणतात.)

हूक म्हटले, की आपल्याला वाकडा आकडा आठवतो. ट्रॅक्टरचा हूक बहुधा तसा नसतो. एकावर एक अशा दोन जाड लोखंडी पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये फट असते. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला कडे असते. ते कडे त्या फटीत सरकवतात आणि तिन्हींच्या भोकांतून वरून पिन सोडतात. पिन उडून बाहेर येऊ नये, म्हणून तिच्या खालच्या टोकात एक छोटी आडवी पिन अडकवतात. तिला लॉक पिन म्हणतात. बैलगाडीच्या आसाला चाक निसटू नये म्हणून खीळ घालतात ना, तिचेच हे काम.

दोन पट्ट्या कशासाठी? एकच पट्टी असती, तर ओढ बसताच पिन एका बाजूला कलंडली असती. शिवाय ती एकाच जागी कापली गेली, तरी तुटली असती. दोन पट्ट्यांमुळे पिन तुटायची तर ती दोन ठिकाणी कापली जावी लागते. त्यामुळे तिची ताकद दुप्पट होते. नवी, चांगल्या पोलादाची, 30 मिलिमीटर जाडीची पिन सरळ ओढीला सहसा दाद देत नाही. तिचा खरा शत्रू म्हणजे झीज.

खड्ड्यातून जाताना, ब्रेक लावताना, पुन्हा वेग घेताना कडे पिनेवर आपटते. हळूहळू पिन मधोमध बारीक होते आणि गोल भोक लांबट होते. पिन 30 मिलिमीटरवरून 24 मिलिमीटरवर आली, तर पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. पण पिनेची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गणित करून पाहा : 24 चा वर्ग 576, 30 चा वर्ग 900. म्हणजे ताकद एक तृतीयांशाहून अधिक कमी झाली! आणि झीज वाढली, की मोकळी जागा वाढते. मोकळ्या जागेमुळे धक्के वाढतात. धक्क्यांमुळे झीज आणखी वाढते.

आता हुकाच्या उंचीकडे वळू. बैलगाडी भरणाऱ्या गाडीवानाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ओझे मागे जास्त झाले, तर गाडी उलाळते. म्हणजे मागची बाजू खाली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. फक्त येथे जू नसते, उचलली जातात ती पुढची चाके.

समजा, ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2 मीटर अंतर आहे. चढावर ट्रॉली त्याला 1000 किलोग्रॅमच्या जोराने मागे खेचत आहे. हूक जमिनीपासून 50 सेंटिमीटर उंच असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार 250 किलोग्रॅमने कमी होतो. तोच हूक 80 सेंटिमीटरवर बसवला, तर भार 400 किलोग्रॅमने कमी होतो. भार घटला, की पुढच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटू लागते. चालक स्टिअरिंग फिरवतो, पण ट्रॅक्टर वळत नाही. ओढ मागच्या आसाच्याही वरून बसली, तर ट्रॅक्टर पुढून उभा राहून मागे चालकावर उलटू शकतो.

हा धोका सुरुवातीच्या ट्रॅक्टरांमध्ये फार होता. मागे बांधलेला नांगर दगडाला अडला, की ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राही. त्यात अनेक चालक दगावले. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन (1884-1960) यांनी यावर अनेक वर्षे काम केले आणि नांगर तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत शोधली. 1926 साली त्यांनी तिचे पेटंट मिळवले आणि 1939 पासून ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर येऊ लागली. आज आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांमागे त्या तीन दांड्या दिसतात. मात्र त्या नांगर, कुळव अशा अवजारांसाठी आहेत. त्यांतल्या वरच्या दांडीला ट्रॉली बांधणे म्हणजे आपणहून ट्रॅक्टर उलटवणे होय. ट्रॉलीसाठी खालचा हूकच हवा.

जुन्या ट्रॅक्टरला नवा, मजबूत हूक बसवण्याचे काम गावोगावच्या वर्कशॉपमध्ये चालते. हंगाम जवळ आला, की तेथे गर्दी होते आणि घाई होते. घाईत वेल्डिंग करून मोकळे होण्याचा मोह पडतो. परंतु ट्रॅक्टरच्या मागच्या भागाचे मोठे कवच बहुधा बिडाचे असते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते दाब उत्तम सोसते, पण ठिसूळ असते. वाकून इशारा देण्याचा त्याचा स्वभाव नाही, ते एकदम तडकते. साधे वेल्डिंग केले, तर एकाच जागी तापून निवताना त्याला बारीक तडे जातात. वरून रंग दिला, की ते दिसतही नाहीत.

म्हणून जाणता मिस्त्री आधी चाकांना उटी लावतो, चिखल आणि ग्रीस खरवडून काढतो आणि कवचाला तडा आहे का ते पाहतो. कंपनीने ट्रॅक्टरला जी बोल्टची भोके मुळातच दिलेली असतात, त्यांवरच तो हुकाची जाड प्लेट बसवतो. प्लेटला नवे भोक हवे असेल, तर ते गॅसने न जाळता ड्रिलने पाडतो. जाळलेले भोक वेडेवाकडे होते आणि त्यात बोल्ट नीट बसत नाही. बोल्टही दुकानात दिसेल तो चालत नाही. चांगल्या बोल्टच्या माथ्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा जितका मोठा, तितका बोल्ट ओढीला बळकट. साध्या बोल्टवर पुष्कळदा 4.6 असते. म्हणजे 8.8 चा बोल्ट त्याच्या दुप्पट ओढ सोसतो. किमतीतला फरक थोड्या रुपयांचा असतो. तेवढ्यासाठी वीस टनांचा भार साध्या बोल्टवर सोडणाऱ्याला काटकसरी म्हणता येणार नाही. पहिली भरलेली खेप झाली, की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात, कारण नवी प्लेट भाराखाली थोडी बसते.

हूक कितीही मजबूत असला, तरी एक अडचण उरतेच. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ब्रेक लावावा, तर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचा ऊस त्याला पुढे ढकलतो. अशा वेळी चाकू मिटावा तसा ट्रॅक्टर आणि ट्रॉली हुकाशी दुमडतात. म्हणून अनुभवी चालक उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो.

मुलांनो, आपल्याकडे उसाची ट्रॉली दिसली, की मुले तिच्यामागे धावतात. कोणी चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसतो, कोणी सायकलवरून तिला धरून फुकट ओढून घेतो. काही जण तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या दांडीवर चढून बसतात. त्या दांडीवर धरायला काहीच नसते. पाय घसरला, तर खाली ट्रॉलीची चाके येतात. उंच भरलेल्या उसामुळे मागचे चालकाला दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. त्याला कळले, तरी वीस टन जागच्या जागी थांबत नाहीत. ऊस हवाच असेल, तर ट्रॅक्टर उभा असताना मागावा. एखाददुसऱ्या कांड्याला नाही म्हणणारा चालक विरळाच.

कारखान्यात आधी काट्यावर वजन होते, मग गव्हाणीत ऊस रिकामा होतो. चालक चहा घेतो आणि परतीला निघतो. खरे पाहता पिन तपासायची सर्वांत महत्त्वाची वेळ हीच. भरलेली ट्रॉली जड असल्यामुळे दबून चालते. रिकामी ट्रॉली मात्र प्रत्येक खड्ड्यात उडते, आणि लॉक पिन हरवली असेल, तर तिच्याबरोबर मोठी पिनही वर उडते. पुष्कळ चालक हरवलेल्या लॉक पिनेऐवजी तारेचा तुकडा किंवा खिळा अडकवतात. जे सावध असतात, ते खिशात एक जादा लॉक पिन ठेवतात आणि काट्यावरून बाहेर पडताना खाली उतरून दोन्ही ट्रॉल्यांच्या पिना हाताने हलवून पाहतात.