‘वेळ’चं ‘वेल’ का होतं? जिभेआधी कान तपासा

कन्नौद : देवास आणि धार ही पवारांची संस्थानं, शेजारी होळकरांचं इंदूर. त्यामुळे या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी, शाळेत-बाजारात हिंदी. अशा घरांत एक तक्रार हमखास असते : पोरगं ‘वेळ’ला ‘वेल’ म्हणतं, ‘काळा’ला ‘काला’. ‘जीभ वळत नाही’ म्हणून विषय संपतो. पण बऱ्याचदा आधी कानालाच फरक लागत नसतो.

याचा गाजलेला पुरावा आपल्याच ‘त’ आणि ‘ट’वर उभा आहे. कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हे ध्वनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना ऐकवले. ध्वनी बदलल्यावर बाळानं मान वळवली, की त्याला हलणारं खेळणं दिसायचं. १९८४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी घरांतल्या बाळांना मात्र त्या वयातही तो कळत होता.

म्हणजे वर्षाच्या आतच कान घरच्या भाषेला सरावतो. इंग्रजीत त-ट बदलल्यानं अर्थ बदलत नाही, म्हणून तो फरक सुटतो. मराठीत ‘मूल’ आणि ‘मूळ’, ‘काल’ आणि ‘काळ’ वेगळे, म्हणून इथला कान ‘ळ’ धरून ठेवतो. अर्थात तो कानावर पडला तर.

गंमत अशी, की ‘ळ’ माळव्यात परका नाहीच. मालवीत आहे, निमाडीत आहे. नाही तो शाळेच्या आणि टीव्हीच्या हिंदीत. मालवी बोलणाऱ्या मावशीपासून पोराला ‘शुद्ध बोल’ म्हणत दूर ठेवणं हा या बाबतीत उलटाच उद्योग.

मग मोबाइलवर मराठी गाणी लावून काम भागेल का? पॅट्रिशिया कुल यांच्या गटानं २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर हे पाहिलं. चिनी बोलणारी माणसं समोर बसून बारा बैठकींत खेळली, पुस्तकं वाचली, तर बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. तेच व्हिडिओवर दाखवलं, नुसतं ऐकवलं, तर काहीच नाही. आजीच्या मांडीला पर्याय नाही तो असा.

दोन-तीन वर्षांचं पोर ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणत असेल तर घाबरायचं कारण नाही. ‘ळ’ जिभेला उशिराच जमतो. चित्रं समोर ठेवून ‘मूल दाखव, मूळ दाखव’ म्हणावं. बोट बरोबर पडलं, तर कान शाबूत आहे.

मोठ्यांचं काय? हिंदी घरातून आलेल्या सुनेला ‘तुला जमायचं नाही’ म्हणणाऱ्यांनी जपानी लोकांकडे पाहावं. त्यांना इंग्रजीतले र आणि ल सारखेच वाटतात. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा जोड्या वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकवल्या, प्रत्येक उत्तर चूक की बरोबर ते लगेच सांगितलं. काही आठवड्यांत ओळख सुधारली, महिन्यांनंतरही टिकली, आणि नुसतं ऐकूनच उच्चारही सुधारले. लहान मुलाइतकं सहज नाही, पण होतं.

घरी करायचं तर सासू, दीर, शेजारीण अशा तीन-चार जणांनी आलटून पालटून ‘वेल’ किंवा ‘वेळ’ म्हणावं. सुनेनं कोणता ते सांगावं, चुकलं तर लगेच तेच पुन्हा ऐकवावं. म्हणून दाखवायला सांगायची घाई पहिले काही दिवस नको.