उंबरठ्यावरचे स्वस्तिक आणि छपरावरचा ध्वज

आज वर्षप्रतिपदा. अभ्यंगस्नाने आटोपून घरोघरी कळकाची काठी धुऊन-पुसून सजली असेल. टोकाला जरीचा खण, कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पाने, साखरेची गाठी, वर उपडा घातलेला तांब्या. आणि उंबरठ्यावर कुंकवाचे स्वस्तिक. गुढीचा एक विशेष आमच्या मनात दरवर्षी येतो. आपली बहुतेक पूजा देवघरात, घराच्या आतल्या अंगाला होते. गुढी मात्र आपण रस्त्याच्या बाजूला उभारतो. पूजेत तिला ब्रह्मध्वज म्हणतात, आणि ध्वज हा दुसऱ्याने पाहावा म्हणूनच असतो. घर आपले, काठी आपली, वस्त्रही आपले. पण गुढीचे बोलणे वाटेने जाणाऱ्याशी आहे.

आपल्या घरावर आपण काय फडकवावे यात इतरांनी लक्ष का घालावे, हा प्रश्न गुढीपाशी कोणाला पडत नाही. तो पडतो अमंगल ध्वजापाशी. आणि दैवाचा खेळ असा, की ज्या ध्वजावरून तो ऑस्ट्रेलियात ऐरणीवर आला, त्यावरची आकृती वरवर पाहणाऱ्यास आपल्या उंबरठ्यावरचीच वाटावी!

व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, ब्यूला नावाचे लहानसे खेडे आहे. जानेवारी २०२० मध्ये तेथील एका घरावर नाझी ध्वज फडकताना दिसला. गावात संताप उसळला. परंतु पोलिसांना हात घालता येईना, कारण खाजगी घरावर असा ध्वज लावणे हा गुन्हाच नव्हता. अखेर समजावणीनंतर तो उतरला. उतरला खरा, पण उद्या कोणी ऐकलेच नाही तर काय, ही रुखरुख मागे राहिली. तिच्यातून कायद्याची मागणी जोर धरू लागली.

या मागणीने तेथील हिंदू कुटुंबांपुढे मोठा पेच उभा केला. पाश्चात्त्य देशांत ‘स्वस्तिक’ या आपल्या शब्दानेच नाझी चिन्ह ओळखले जाते. कायद्याने ‘स्वस्तिक’ निषिद्ध ठरविले असते, तर वास्तुशांतीचे तोरण, नव्या वाहनावरचे कुंकू, लग्नपत्रिका यांचे काय झाले असते? शेजारी काय म्हणतील या धास्तीने दारावरचे शुभचिन्ह आत नेणारी घरे परदेशी आजही आहेत. ‘सु’ आणि ‘अस्ति’, म्हणजे ‘कल्याण असो’ एवढाच ज्याचा अर्थ, ते चिन्ह लपवावे लागावे, याहून मोठी विटंबना ती कोणती?

हिंदूंनी या बंदीला विरोध केला असता तर ते समजण्यासारखे होते. पण न्यू साउथ वेल्समध्ये ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेबरोबर हिंदू कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियानेही बंदीला पाठिंबा दिला. मागणी एवढीच, की दोन चिन्हांची गल्लत होऊ नये. व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने जून २०२२ मध्ये केलेल्या कायद्यात नाझी चिन्हाला त्याच्या जर्मन नावाने ‘हाकेनक्रॉइझ’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, असे संबोधले. हिंदू, बौद्ध व जैन यांच्या स्वस्तिकाचे महत्त्व मान्य केले आणि धार्मिक वापराला मुभा दिली. लोकांना हा भेद समजावून सांगण्यास अवधी ठेवून २९ डिसेंबर २०२२ पासून अंमल सुरू झाला. त्या वेळी शिक्षा सुमारे २२,००० डॉलर दंड किंवा १२ महिने कैद, अथवा दोन्ही, अशी होती. घर खाजगी असले तरी रस्त्यावरून दिसेल असे चिन्ह लावणे त्यात आले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपले स्वस्तिक उजवीकडे वळते आणि नाझींचे डावीकडे, असे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. नाझी ध्वजावरचे चिन्हही उजवीकडेच वळलेले आहे. मात्र ते तिरपे उभे असते, काळ्या रंगाचे, लाल कापडावरील पांढऱ्या वर्तुळात. आपले सरळ बसलेले, बहुधा चार घरांत चार टिंबे असलेले. पण खरा भेद रेघांत नाही. कोणी, कोठे, कशासाठी काढले, यात आहे.

अमेरिकेने निराळी वाट धरली. नाझी छळातून वाचलेले अनेक ज्यू ज्या स्कोकी गावी राहत, तेथे मोर्चात हे चिन्ह मिरविण्यास इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोकळीक दिली. १९९४ मध्ये तेथील केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या घराच्या खिडकीत युद्धविरोधी फलक लावणाऱ्या स्त्रीचा हक्क एकमताने उचलून धरला. आपल्याकडेही नवीन जिंदल यांनी आपल्या कारखान्याच्या आवारात तिरंगा फडकविण्यावरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे २३ जानेवारी २००४ रोजी ठरले.

अमेरिकेच्या या निष्ठेविषयी आम्हांस आदर आहे. सरकारने आज एक चिन्ह पुसले तर उद्या ते कोणते पुसेल, ही शंका अगदीच अनाठायी नाही. तरीही आमचे मन ऑस्ट्रेलियाकडे झुकते. खिडकीतला फलक मत मांडतो. त्याच्याशी वाद घालता येतो. ब्यूलाच्या छपरावरचा ध्वज कोणते मत मांडत होता? ज्या घराण्यांतली माणसे त्या ध्वजाखाली मारली गेली, त्यांना तो एवढेच सांगत होता, की तुम्ही जगावयास नको होता. खेड्यात वाट एक. डोळे मिटून ती चालता येत नाही. मात्र असा कायदा करणाऱ्याला कुंकू आणि रक्त यांतला फरक कळला पाहिजे. व्हिक्टोरियात तो कळला, कारण हिंदू तो सांगावयास पुढे गेले.

मेलबर्नला आता शरद ऋतू लागला आहे. तेथील मराठी घरांत गुढ्या आपल्या काही तास आधी उभ्या राहिल्या असतील, आणि आपल्या आधीच सूर्यास्ताला उतरतीलही. उंबरठ्यावरचे कुंकू मात्र उद्याही तसेच राहील.