फुटलेल्या काचा वेचणारा मुलगा

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरी राहणाऱ्या एस. ई. हिंटन या मुलीने वयाच्या १५व्या वर्षी एक कादंबरी लिहावयास घेतली. शाळकरी मुलांच्या टोळ्या व त्यांचे वैर ती जवळून पाहत होती. १९६७ साली ‘द आउटसायडर्स’ या नावाने ती कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखिका अवघ्या १८ वर्षांची होती.

कथानायक पोनीबॉय १४ वर्षांचा. आईवडील अपघातात गेलेले. २० वर्षांचा थोरला भाऊ डॅरी शिक्षणाची आशा सोडून छपरांची कामे करतो आणि दोघा धाकट्या भावांना सांभाळतो. गरीब वस्तीतील ‘ग्रीझर’ मुलांची टोळी हे पोनीबॉयचे जणू दुसरे घर. श्रीमंत घरांतील ‘सोश’ मुलांशी त्यांचे हाडवैर.

एके रात्री पोनीबॉय फार उशिरा परततो. काळजीने व्याकूळ झालेला डॅरी रागाच्या भरात त्याला थप्पड मारतो आणि मुलगा घराबाहेर धावत सुटतो. त्याच रात्री काही सोश मुले त्याला गाठून कारंज्यात बुडवू लागतात. त्याला वाचवताना मित्र जॉनीच्या हातून बॉब नावाच्या सोश मुलाचा जीव जातो. दोघे एका ओसाड चर्चमध्ये लपतात. पुढे त्या चर्चला आग लागते, तेव्हा आत अडकलेल्या बालकांना हेच ‘गुंड’ बाहेर काढतात. जॉनी त्यात जबर जखमी होतो. नंतरच्या झुंजीत ग्रीझर जिंकतात. परंतु मृत्युशय्येवरील जॉनीला त्या विजयाचे काहीच मोल वाटत नाही.

व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे असा प्रसंग या झुंजीच्या आधीचा आहे. बॉबचा मित्र पोनीबॉयला सांगतो, की बॉबचे आईवडील त्याचा प्रत्येक हट्ट पुरवीत. कोणीतरी आपल्याला ‘नाही’ म्हणावे, हीच त्याची खरी भूक होती. एका घरी धाक होता, पण त्यामागील माया मुलाला दिसत नव्हती. दुसऱ्या घरी लाड होते, मर्यादा नव्हती. दोन्ही घरांतील मुले रस्त्यावरच आली. इस्पितळात डॅरीच्या डोळ्यांतील अश्रू पाहिल्यावर पोनीबॉयला उमगते, की त्या कठोरपणामागे आणखी एक आप्त गमावण्याचे भय होते.

शेवटी एकदा सोश मुले त्याला डिवचतात. तो फुटलेली बाटली उगारतो. ती निघून जातात. मग तो खाली बसून काचा वेचू लागतो, कुणाच्या गाडीचे चाक फाटू नये म्हणून! तो निर्ढावलेला नाही, हे पाहून सोबतचा मित्र निःश्वास टाकतो. शाळेतील शिक्षकांनी त्याला आधीच एक निबंध लिहावयास सांगितलेला असतो. पोनीबॉय आपली सारी हकीकत लिहू लागतो आणि तीच ही कादंबरी ठरते.

मुलगा रात्री उशिरा घरी येईल, तेव्हा प्रश्न अवश्य विचारावेत. मात्र त्यांतील काळजी त्याला ऐकू यावी. घरातील कुमारांसह पालकांनीही ही कादंबरी वाचावी.