कड्यातल्या स्मृती

जपानमधल्या योशिमी गावी टेकडीच्या मऊ दगडात २१९ भोकं दिसतात. ही सहाव्या-सातव्या शतकातली थडगी. एकोणिसाव्या शतकात उत्खनन झालं, तेव्हा एका संशोधकाला ती बुटक्या माणसांची घरं वाटली होती! मुळशीकरांना असं काही पाहायला शेजारच्या मावळात जाता येईल. भाजे लेण्यांत १४ स्तूप एकत्र आहेत, पाच आत, नऊ बाहेर. इथे देह पुरलेला नाही; दिवंगत भिक्खूंची ही स्मारकं. तिघांची नावं कोरलेली वाचता येतात: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. काळ्या कातळात हे कोरणं जपानी दगडापेक्षा कितीतरी कष्टाचं. बहुतेक लोक चैत्यगृहाचा फोटो काढून परततात. तुम्ही पुढे जा, पण स्तूपांवर चढू नका.