फलाटावरील फलक

वाशीच्या रेल्वे स्थानकात पाऊल टाकणारा मनुष्य प्रथम काय करतो, हे एखाद्या सायंकाळी बाजूस उभे राहून पाहावे. तो रुळांकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहत नाही, सोबत्याशी बोलतही नाही. त्याची मान आपोआप वर जाते. फलाटावर टांगलेल्या काळ्या फलकावरील उजळ अक्षरे तो क्षणभर वाचतो, आणि मग त्याची चाल ठरते. गाडी येण्यास एक मिनिट उरले असेल, तर तो जिन्यावरून धावत सुटतो. अकरा मिनिटे असतील, तर खांद्यावरची पिशवी खाली ठेवून बाकावर टेकतो. त्या फलकावर असते तरी काय? गाडी कोठे जाणार, तिला डबे किती आणि ती किती मिनिटांत येणार, एवढेच. मुंबईकरांनी या फलकाला 'इंडिकेटर' म्हणावयास सुरुवात केली आणि आता तो शब्द घरोघरी मराठीच होऊन बसला आहे.

वाशीला या फलकाचे महत्त्व थोडे अधिकच आहे. ९ मे १९९२ रोजी येथे रेल्वे आली. तोपर्यंत हार्बर मार्गाचे रूळ मानखुर्दला संपत असत. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून ते अलीकडे आणले गेले. पुढे २००४ साली ठाण्याहून येणारा ट्रान्स-हार्बर मार्गही वाशीस जोडला गेला. त्यामुळे येथून एक गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे, दुसरी पनवेलकडे, तर तिसरी ठाण्याकडे निघते. ठाण्यास जाणारा प्रवासी गडबडीत पनवेलच्या गाडीत चढला, तर पुढच्या सानपाडा स्थानकापर्यंत त्याला आपली चूक कळतही नाही. कारण तेथवर दोन्ही गाड्या एकाच दिशेने जातात. तुर्भ्याऐवजी जुईनगरची पाटी दिसली, की तो कपाळावर हात मारून घेतो! मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील नवख्याची फजिती निराळीच असते. तेथे फलकावर 'एस' हे इंग्रजी अक्षर कर्जतच्या गाडीसाठी असते, आणि धीम्या गाडीची खूणही 'एस'च असते. अक्षरे वाचवावीत हे खरे, परंतु इतकीही वाचवू नयेत.

फलक नव्हते तेव्हा लोक काय करीत असत? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, आणि रेल्वेबरोबर आपल्याकडे वेळापत्रक आले. गाडी निघाल्याची वर्दी तारेने पुढच्या स्थानकास मिळे. मग तेथे टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्याने टोले देत, आणि तो ठणठणाट ऐकून लोक गाठोडी आवरू लागत. वेळापत्रक आणि आजचा फलक यांत एक मोठे अंतर आहे. गाडी केव्हा यावयास हवी, हे वेळापत्रक सांगते. ती केव्हा येणार आहे, हे फलकाने सांगावयाचे असते. म्हणून वेळापत्रक एकदा छापले की काम भागते. फलकाला मात्र क्षणोक्षणी गाडीची खबर लागते.

ही खबर त्याला कोण देतो? कोणी मनुष्य दुर्बीण लावून बसलेला नसतो. खबर देतात ते स्वतः रूळच.

रुळांचे लहान-मोठे भाग पाडलेले असतात, आणि दोन भागांच्या सांध्यांत वीज न वाहणारा पदार्थ बसवून ते एकमेकांपासून तोडलेले असतात. अशा एका भागाच्या एका टोकाकडून सौम्य वीजप्रवाह सोडतात. तो एका रुळातून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तेथील 'रिले' नावाच्या उपकरणातून वळतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. रिले म्हणजे विजेच्या जोरावर आपला हात उचलून धरणारा छोटासा लोहचुंबकच म्हणावा. प्रवाह मिळत आहे तोवर त्याचा हात वर असतो, आणि त्याचा अर्थ 'मार्ग मोकळा आहे' असा होतो. आता या भागात गाडी शिरली. तिची चाके लोखंडी, चाकांना जोडणारा आसही लोखंडी. विजेला ही जवळची वाट मिळते. ती चाकांतूनच परत फिरते, रिलेपर्यंत पोचत नाही, आणि रिलेचा हात खाली पडतो. त्यासरशी मागचा सिग्नल तांबडा होतो आणि या भागात गाडी आहे, अशी वर्दी नियंत्रण कक्षाकडे जाते.

ही युक्ती विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाची. १८७२ साली त्याने तिचे एकस्व मिळविले. तिच्यातील खरी खुबी निराळीच आहे. समजा, तार तुटली, रूळ भंगला किंवा वीज गेली. तरी रिलेचा हात खालीच पडतो. म्हणजे यंत्रणा बिघडली तर ती 'मार्ग मोकळा' असे खोटे कधी सांगत नाही, 'गाडी आहे, थांबा' असेच सांगते. ज्या चुकीने गाडी उशिरा येईल ती चुक पत्करावी, ज्या चुकीने प्राण जातील ती पत्करू नये, असा हा हिशेब आहे.

पावसाळ्यात गाड्या का खोळंबतात, याचेही एक कारण यातच आहे. कुर्ला, चुनाभट्टी यांसारख्या सखल जागी रुळांवर पाणी साचले, की वीज त्या पाण्यातून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर झिरपू लागते. रिलेला पुरेसा प्रवाह मिळत नाही. रूळ रिकामा असतो, तरी यंत्रणेला तेथे गाडी दिसते आणि सिग्नल तांबडा होतो. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी आस मोजणारी यंत्रे बसविली आहेत. रुळाच्या कडेला बसविलेले हे यंत्र भागात शिरणारे आणि भागातून बाहेर पडणारे आस मोजते. बारा डब्यांच्या लोकल गाडीला प्रत्येक डब्यास चार याप्रमाणे अठ्ठेचाळीस आस असतात. अठ्ठेचाळीस आत गेले आणि अठ्ठेचाळीस बाहेर आले, की वाट मोकळी. सत्तेचाळीसच आले, तर मात्र यंत्र हटून बसते!

एवढ्याने काम संपत नाही. रूळ 'येथे गाडी आहे' इतकेच सांगतो. ती पनवेलची की वाशीपर्यंतचीच, हे रुळाला काय ठाऊक? म्हणून गाडी निघतानाच तिला एक क्रमांक दिलेला असतो. गाडी एका भागातून दुसऱ्या भागात गेली, की नियंत्रण कक्षातील संगणक तो क्रमांकही पुढच्या भागाकडे सरकवतो. खो-खोच्या खेळात एक गडी दुसऱ्यास खो देतो, तसाच हा प्रकार. मग कोणता क्रमांक कोठे आहे आणि तेथून वाशीपर्यंत येण्यास एरवी किती वेळ लागतो, याचा मेळ घालून फलकावरचा आकडा निघतो. अलीकडे गाड्यांवर उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ओळखणारी साधनेही बसविली आहेत. मध्य रेल्वेने २०२२ सालापासून 'यात्री' या ॲपवर लोकल गाड्या कोठे आहेत, हे मोबाइलवर पाहण्याची सोय केली. तेव्हापासून हा फलक जणू प्रवाशाच्या खिशातही आला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. गाडी कोठे आहे, हे मोजून कळते. ती केव्हा येईल, हा मात्र अंदाज असतो. मानखुर्द सोडल्यावर वाशीपर्यंत मध्ये एकही स्थानक नाही. गाडी खाडीच्या पुलाकडे निघाली, की अंदाज चुकण्यास फारशी जागा उरत नाही. परंतु तीच गाडी कुर्ल्याच्या अलीकडे अडली असेल, तर ती किती वेळ अडून राहील, हे संगणकासही सांगता येत नाही. फलकावरचे 'दोन मिनिटे' कधी कधी पाच मिनिटे तसेच राहतात ते यामुळे. लोक अशा वेळी फलकावर चिडतात. वस्तुतः त्याने लबाडी केलेली नसते; त्याला ठाऊक असलेली शेवटची गोष्ट तो सांगत असतो.

बसच्या बाबतीत हा अंदाज फारच अवघड होतो. स्थानकाबाहेर नवी मुंबई महानगरपालिकेची बस उभी असते, तिला ना रूळ ना सिग्नलचा राखीव मार्ग. तिच्यातील साधन वीस हजार किलोमीटरांहूनही उंच फिरणाऱ्या निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपले स्थान ठरविते आणि मोबाइलच्या जाळ्यातून ते मुख्य संगणकास कळविते. येथपर्यंत सारे ठीक. परंतु शीव-पनवेल महामार्गावर एखादा ट्रक आडवा बंद पडला, वरात निघाली किंवा पावसाने रस्ता तुंबला, की 'पाच मिनिटांची' बस पंधरा मिनिटांची होते. बसच्या फलकावरचे मिनिट रेल्वेच्या मिनिटापेक्षा थोडे लांब असते, असे म्हटले तरी चालेल.

मग कोणी विचारील, या फलकामुळे गाडी लवकर येते काय? मुळीच नाही. ती यावयाची तेव्हाच येते. तरीही फलक असला की वाट पाहणे सुसह्य होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. अमेरिकेतील सिॲटल शहरात तो मोजून पाहण्यात आला. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणाऱ्या ब्रायन फेरिस आणि त्याच्या सोबत्यांनी २००८ साली बस केव्हा येणार हे सांगणारी 'वन-बस-अवे' नावाची योजना सुरू केली. पुढे तिचा उपयोग करणारे आणि न करणारे, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना अभ्यासकांनी थांब्यांवर गाठले आणि 'किती वेळ उभे आहात?' असे विचारले. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना बसची खबर नव्हती त्यांना प्रत्यक्षापेक्षा अधिक वेळ गेल्यासारखे वाटत होते. ज्यांना खबर होती त्यांच्या मनातला वेळ आणि घड्याळातला वेळ जवळजवळ जुळत होता. मनुष्याला वेळ जाण्याचा त्रास होतोच, पण किती वेळ जाणार हे न कळण्याचा त्रास त्याहून मोठा असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि साऱ्या मुंबईची वाहतूक थांबली. गाडी केव्हा सुटेल, सुटेल की नाही, हे त्या दिवशी कोणीच सांगू शकत नव्हते. हजारो लोक रात्रभर पाण्यातून चालत घरी गेले.

म्हणूनच चुकीचा फलक हा नसलेल्या फलकाहून वाईट. समजा, ठाण्याची गाडी एका फलाटावर दाखविली आणि ऐन वेळी ती दुसरीकडे लागली. तशी घोषणा होताच शेकडो माणसे एकदम पुलाकडे वळतात. तिकडून उतरणारे आणि इकडून चढणारे जिन्यातच एकमेकांना भिडतात. काही उतावळे तर पूल टाळून सरळ रुळांत उडी घेतात. एका चुकलेल्या अक्षराची किंमत अशी फार मोठी होऊ शकते.

ज्यांना फलक दिसत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी उद्घोषणा असते, आणि अनेक स्थानकांत दिव्यांगांचा डबा जेथे येतो तेथे सतत टिकटिक वाजणारे छोटे यंत्र लावलेले असते. अंध प्रवासी त्या नादाच्या रोखाने चालत जाऊन बरोबर जागी उभा राहतो. उद्घोषणेचे काम आता बहुतेक ध्वनिमुद्रित आवाजावर चालते, परंतु मुद्रित आवाजाला न सांगता येण्यासारखे प्रसंगही येतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षात होते. खालचा प्रकार ध्यानात येताच त्यांनी ध्वनिक्षेपक सोडला नाही. पुढच्या बाजूस येऊ नका, मागच्या वाटेने बाहेर पडा, असे ते उतरणाऱ्या प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या सूचनेमुळे अनेकांचे प्राण वाचले. कोणत्याही वेळापत्रकात नसलेली ती खबर त्या घटकेस सर्वांत महत्त्वाची होती.

इतके सारे असूनही वाशीच्या फलाटावर एक जुनी सवय अजून टिकून आहे. डोक्यावर फलक झगझगत असतो, त्यावर 'दोन मिनिटे' स्पष्ट दिसत असतात, खिशातला मोबाइलही तेच सांगत असतो. तरी कोणी ना कोणी फलाटाच्या कडेशी जातो आणि मान लांब करून खाडीच्या दिशेने पाहतो. मागून कोणी तरी ओरडते, "अहो काका, मागे व्हा!" काका ओशाळून पाऊलभर मागे सरतात, पण नजर तिकडेच असते. मग दूर अंधारात गाडीचा दिवा दिसू लागतो. फलकावरचा आकडा बदलतो, आणि बाकावरची माणसे पिशव्या उचलून उभी राहतात.