कोरी उत्तरपत्रिका

सहामाही परीक्षेत सातवीतल्या एका मुलीने गणिताचा पेपर जवळजवळ कोराच दिला. आम्ही शेरा मारला, ‘अभ्यास करत नाही’. पालकसभेत तिची अम्मीही तेच म्हणाली, “सर, रोज दोन तास समोर बसवते. नुसती पुस्तकाकडे बघत राहते. आळशी आहे, दुसरं काय!” मुलगी मान खाली घालून उभी होती आणि आम्ही मान डोलावली. त्याची आज शरम वाटते.

बी.एड.ला शिकलेली एक संज्ञा तेव्हा आठवायला हवी होती. लर्न्ड हेल्पलेसनेस, म्हणजे अनुभवाने अंगी आलेली असहायता. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. (प्रयोग क्रूर होता, वाचताना जीव कळवळतो.) एका गटाला विजेचे झटके दिले, पण डोक्याने फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, मात्र काहीही केले तरी ते त्यांच्या हातून थांबत नसत. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवले, जिथे बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारायला लवकर शिकली. दुसऱ्यातली बहुतेक तशीच झटके सोसत राहिली. वेदना दोघांनाही सारखीच झाली होती, पण एकाच गटाची धडपड कामी आली होती.

आमची विद्यार्थिनी चौथीपर्यंत उर्दू शाळेत होती. तिथे अपूर्णांकाला ‘कसर’ म्हणतात, छेदाला ‘नसबनुमा’. पाचवीत मराठी शाळेत आली आणि शब्दच परके झाले. शिकवणी लावली, बोलणी खाल्ली, गुण मात्र तेवढेच. ‘आपल्या खानदानात कुणालाच गणित येत नाही’ हेही घरी ऐकले. आम्हाला दोन्ही भाषा येतात, तरी तिची अडचण कुठे आहे हे आम्ही कधी विचारले नव्हते.

पुढे २०१६ साली सेलिगमन आणि मायर यांनीच आपले मूळ म्हणणे फिरवले. मेंदूवरच्या नव्या संशोधनातून त्यांना दिसले की, दीर्घ त्रासात हातपाय गाळणे ही उपजत प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने काही बदलते’ हे. त्या कुत्र्यांनाही शेवटी दोरीने ओढून पुन्हा पुन्हा पलीकडे न्यावे लागले, तेव्हा कुठे ती आपणहून जाऊ लागली. मग ‘हिंमत हरू नकोस’ एवढ्या नसीहतीने मुलांचे काय होणार?

आम्ही तिला तिसरीची उदाहरणे दिली, दिवसाला तीनच. वहीत प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहायची आणि उत्तर बरोबर की चूक हे तिने स्वतः पडताळायचे. पहिले काही दिवस ती पडताळणीआधी आमच्याच तोंडाकडे बघायची. अम्मीला एकच विनंती केली, शेजारी बसा, पण बोलू नका. त्यांना ते फार जड गेले.

वार्षिक परीक्षेत मुलगी काठावर पास झाली. खूप खोडाखोड होती, पण एकही प्रश्न सोडलेला नव्हता. एका उदाहरणात छेदाशेजारी तिने बारीक उर्दू अक्षरांत ‘नसबनुमा’ लिहून ठेवले होते.