नीलपंखाचा फोटो शार्प का येत नाही? दोष दरवेळी लेन्सचा नसतो

आपल्या शहराचा पक्षी कोणता असावा, यासाठी वर्धेकरांनी २०१८ मध्ये चक्क मतदान केलं होतं. बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकारातून झालेल्या या निवडणुकीत जिंकला नीलपंख. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच हा पक्षी.

शेताच्या कडेला, विजेच्या तारेवर तो सहज दिसतो. पण फोटो काढला की बहुतेक वेळा हाती येतं ते पांढरं आभाळ, आडवी तार आणि काळपट पोट. झूम केलं तर डोळा धूसर. मग नवीन लेन्सची चर्चा सुरू होते. पण त्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात.

१. तुम्ही कुठून बघताय?

पोर्ट्रेट म्हणजे चेहरा, आणि चेहरा खालून चांगला दिसत नाही. समजा, तार जमिनीपासून ६ मीटर उंच आहे आणि तुमचा कॅमेरा दीड मीटरवर. ६ मीटर अंतरावरून तुम्ही साधारण ३७ अंश वर बघता. तेच २५ मीटर मागे गेलात तर हा कोन १० अंशांवर येतो. म्हणजे मागे सरकून कोन सुधारतो, पण पक्षी लहान होतो.

त्यामुळे तार सोडा, ठेंगणी जागा शोधा. नीलपंख एका जागी बसून जमिनीवरचे किडे हेरतो, झेप घेतो आणि बरेचदा त्याच जागी परततो. धुऱ्यावरचा कुंपणाचा खांब किंवा बाभळीची वाळकी फांदी हेरून ठेवा आणि सूर्य पाठीशी घेऊन खाली बसा. पक्ष्याच्या मागे झुडूप लगेच नको, लांबवर मोकळं शेत असलं तर पार्श्वभूमी आपोआप मऊ होते. त्याने मान किंचित तुमच्याकडे वळवली आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका चमकला की क्लिक करा.

२. फोकस नेमका कुठे आहे?

४०० एमएम लेन्स, एफ/५.६ आणि पक्षी ८ मीटरवर असेल, तर एपीएस-सी कॅमेऱ्यात शार्प दिसणारा पट्टा जेमतेम ९ सेंटिमीटरचा असतो. नीलपंखाची लांबी ३० सेंटिमीटरच्या वर. फोकस शेपटीवर गेला तर डोळा हुकलाच. त्यामुळे एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती सुरू करा.

दुसरा मुद्दा हात हलण्याचा. ४०० एमएम लेन्स अशा कॅमेऱ्यावर ६०० एमएमसारखी वागते, म्हणून शटर स्पीड किमान १/६४० सेकंद ठेवा. उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून जास्त. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारणं फार कठीण.

३. मधली हवा कशी आहे?

वर्ध्यात हा मुद्दा विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. लाखाची लेन्सही इथे हरते. उपाय दोनच: सकाळी लवकर जा आणि अंतर कमी ठेवा. गाडीतून फोटो काढत असाल तर एसी आणि इंजिन बंद करा. खिडकीतून बाहेर जाणारी गार हवासुद्धा चित्र बिघडवते आणि इंजिनाची थरथर लेन्सपर्यंत पोहोचते. कापडी पिशवीत धान्य भरून ती खिडकीच्या कडेवर ठेवली की लेन्सला छान टेकू मिळतो.

पण जवळ जायचं कसं?

खरं तर जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. पायी चालणाऱ्या माणसापेक्षा थांबलेली गाडी पक्ष्यांना कमी घाबरवते. बोर व्याघ्र प्रकल्पात तर सफारीदरम्यान वाहनातून उतरताच येत नाही, त्यामुळे तिथे गाडीतूनच जमेल तेवढा खालचा कोन साधावा लागतो.

नीलपंख झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. विणीच्या काळात, साधारण मार्च ते जूनमध्ये, ढोलीसमोर ठाण मांडलं तर पालक पक्षी आत जायला कचरतात. तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना त्रास देणं 'शिकारी'च्या व्याख्येतच येतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही टाळा, प्रतिस्पर्धी आलाय असं समजून तो उगाच दमतो.

पक्षी सारखी मान वर करत असेल, अंग आखडून बसला असेल किंवा जागा बदलत असेल, तर तुम्ही जास्तच जवळ गेला आहात. चार पावलं मागे या आणि फोटो नंतर क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी अर्धी केली तरी ६ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलवरच्या पोस्टला तेवढे भरपूर झाले.